पुरस्कार पंचाहत्तरीनंतर, भाडं दर महिन्याला

ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत गिटारवर वाजवणाऱ्या एटा बेकर यांनी कापडगिरणीतली नोकरी सोडली ती १९७३ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी. उत्तर कॅरोलायना राज्यातलं मॉर्गंटन हे त्यांचं गाव, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी. गिरणीत २६ वर्षं, घरी नऊ मुलं. आणि नोकरी सोडण्याच्या १७ वर्षं आधी, म्हणजे १९५६ मध्येच, त्यांनी गिटारवर वाजवलेल्या पाच चाली एका एलपीवर बाजारात आल्या होत्या. ती तबकडी लावून लावून पुढच्या दशकातल्या लोकसंगीतवेड्या पोरांनी आपली बोटं बसवली. त्यातल्या ‘वन डाइम ब्लूज’ आणि ‘रेलरोड बिल’ या चाली हे वादन शिकणाऱ्याला आजही टाळता येत नाहीत. बेकरबाईंच्या स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम मात्र १९९१ मध्ये निघाला. मधे ३५ वर्षं गेली.

या ३५ वर्षांची गोष्ट सहसा गोड करून सांगतात. डोंगरातली साधी बाई, प्रसिद्धीचा सोस नाही, परसातल्या भाजीपाल्यात आणि ओसरीवरच्या गिटारमध्ये सुखी. यात खोटं फारसं नाही. त्यांनी बाहेर वाजवायला जावं हे पतीला पसंत नव्हतं. १९६७ मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी एक मुलगा व्हिएतनामच्या युद्धात मारला गेला. पण गोडव्याच्या या थराखाली एक रुक्ष हिशेब आहे, आणि या लेखाचा विषय तोच आहे. ॲपलॅचिया या पूर्व अमेरिकेतल्या डोंगरपट्ट्यातल्या ब्लूज वादकांच्या वाट्याला आलेली चणचण स्वभावातून आली नव्हती, आणि ‘ब्लूज’ या शब्दात मुरलेल्या दुःखातून तर नव्हतीच. तबकडी कोणत्या यादीत छापायची, चाल कोणाच्या नावावर नोंदवायची, पैसे एकदाच द्यायचे की दर विक्रीमागे, असल्या किरकोळ वाटणाऱ्या नियमांनी ती घडवली. नियमांनी घडलेली गोष्ट नियमांनी मोडता येते. पुतळे उभारून आणि मानपत्रं वाटून ती मोडत नाही.

ॲपलॅचिया म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणारा गोरा उभा राहतो. हे चित्र अपुरं आहे. मॉर्गंटनवरून ॲशव्हिलकडे जाणारा रेल्वेमार्ग डोंगरात घुसतो तो स्वानानोआ बोगद्यातून. १८७९ मध्ये तो आरपार झाला तो मुख्यतः कृष्णवर्णीय कैद्यांच्या हातांनी. वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणींतही दक्षिणेकडून आलेले हजारो कृष्णवर्णीय मजूर होते, आणि पगाराच्या दिवशी खाणवस्तीत वाजवायला येणारे वादकही. रेल्वेबरोबर टपालाने माल मागवण्याची सोय आली आणि त्या जाडजूड कॅटलॉगांतून स्वस्त गिटार आली. त्याआधी घराघरात बॅन्जो होता, जो मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांनी भोपळ्याचा केला. गिटार हातात आली तेव्हा बॅन्जोवर मुरलेला अंगठा आणि तर्जनी तिच्यावर तशीच चालू लागली. या शैलीला पीडमॉन्ट, म्हणजे डोंगराच्या पायथ्याची, म्हणतात, पण तिचं घर पायथ्यापासून डोंगरातल्या गावांपर्यंत पसरलेलं आहे.

आता हाताकडे जरा नीट पाहू, कारण ‘यांना ते उपजतच येतं’ या समजुतीनेच मोबदल्याचा प्रश्न निम्मा मारला जातो. अंगठा चार मात्रांना चार ठोके देतो आणि ते दोन तारांत आलटून पालटून. सी कॉर्ड धरला तर पाचवी तार, चौथी, मग पुन्हा पाचवी किंवा सहावी, आणि परत चौथी. चाल वरच्या तीन तारांवर तर्जनीने वाजते, आणि तिचे बरेचसे स्वर ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मधे पडतात. सगळी गंमत तिथे आहे आणि सगळी अडचणही तिथेच. स्वर मधे आला की नवशिक्याचा अंगठा त्याच्यामागे ओढला जातो, खर्जाचा ठेका लंगडतो आणि मग हात सावरायला तो लय वाढवतो. उपाय कंटाळवाणा आहे. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवून अंगठा एकटाच चालवायचा, तोंडाने कोणाशी तरी गप्पा मारत. गप्पा चालू असताना अंगठा अडखळत नाही, इतका तो बसल्यावर वरचा एक स्वर ठोक्यावर घ्यायचा, नंतर तोच स्वर अर्धी मात्रा उशिरा. हा दुसरा टप्पा अनेकांचे महिने खातो. शिवाय तळव्याची कड घोडीजवळच्या जाड तारांवर अलगद टेकवावी लागते, म्हणजे खर्ज धपधप वाजतो आणि चालीवर स्वार होत नाही. तळवा बोटभर पुढे सरकला की आवाज मरतो. जास्त दाबला तर तार चढी बोलते.

बेकरबाई उजव्या हाताची दोनच बोटं वापरत. त्यांची तबकडी ऐकून स्वर उतरवून घेता येतात आणि ते कधीच उतरवले गेले आहेत. अंगठ्याचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर किती द्यायचा, कुठे सोडायचा, हे टॅबलेचरच्या, म्हणजे गिटारच्या लेखी खुणांच्या, सहा रेघांवर बसत नाही. ते समोर बसून मिळतं. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून वडिलांजवळ, बून रीड यांच्याजवळ, त्या शिकल्या म्हणजे त्यांच्याकडे सत्तर वर्षांचा रियाज साठलेला होता. या साठ्याला ‘लोककला’ म्हटलं की तो फुकट होतो आणि ‘अध्यापन’ म्हटलं की त्याला तासाचा दर लागतो. शब्द बदलल्यावर एवढा फरक पडत असेल तर चूक शब्दाची आहे.

व्यवस्था मुळात बिघडली कुठे, हे पाहायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं. १९२० मध्ये गायिका मेमी स्मिथ यांच्या ‘क्रेझी ब्लूज’चा खप पाहून कंपन्यांनी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी वेगळी यादी काढली, तिचं नाव ‘रेस’, म्हणजे वंश. डोंगरातल्या गोऱ्यांसाठी दुसरी यादी झाली, तिचं नाव पुढे ‘हिलबिली’ पडलं. वाजवणाऱ्यांनी अशी फाळणी केलेली नव्हती. टेनेसीतले कृष्णवर्णीय फिडलवादक हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांचा वाद्यवृंद नाचाच्या गती, ब्लूज, लोकप्रिय गाणी, श्रोते इटालियन असतील तर इटालियन गाणी, सगळंच वाजवायचा. १९३० मध्ये नॉक्सव्हिलला व्होकॅलियन कंपनीने त्यांच्या गती मुद्रित केल्या. त्या ‘रेस’ यादीत आल्या ‘टेनेसी चॉकलेट ड्रॉप्स’ या नावाने, आणि हेच वादन ‘हिलबिली’ यादीत आलं ‘टेनेसी ट्रायो’ या नावाने. तबकडीवर चेहरा दिसत नाही, त्यामुळे खपलंही. म्हणजे ही विभागणी कानाला पटणारी नाही, हे कंपनीलाही ठाऊक होतं.

तरी ती टिकली. कृष्णवर्णीय वादक मुद्रणाला आला की त्याच्याकडून ब्लूज मागायचे आणि फिडलवरच्या गती गोऱ्यांकडून घ्यायच्या, अशी रीत पडली. मुद्रित झालं तेच पुढे इतिहास म्हणून ओळखलं गेलं. आजही अनुदानाच्या अर्जावर त्या दोन याद्यांची सावली दिसते. डोंगरी संगीताच्या उपक्रमाला फिडल आणि बॅन्जो हवा असतो, ब्लूजच्या उपक्रमाला मिसिसिपीचं खोरं किंवा शिकागोची विजेची गिटार. मॉर्गंटनच्या ओसरीवरची बाई दोन्ही रकान्यांच्या मधे पडते. डोंगरातल्या शाळकरी मुलांना शाळा सुटल्यावर वाद्यं शिकवणारा एक चांगला उपक्रम २००० साली उत्तर कॅरोलायनातल्या स्पार्टा गावी सुरू झाला आणि नंतर इतर काउंट्यांत पसरला. अशा वर्गांत गिटारचा गट असतोच. त्याच्या पहिल्या वर्षात अंगठ्याचा आलटून पालटून ठेका बसवून घेतला तर वेगळं ‘ब्लूज खातं’ उघडावं लागणार नाही.

पण सगळ्यात जास्त नडलं ते मालकीचं प्रकरण. त्यासाठी लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय गिटारवादकाकडे यायला हवं.

रिडल यांचा जन्म १९०५ चा, उत्तर कॅरोलायनातल्या बर्न्सव्हिलचा. १९२७ मध्ये टेनेसीतल्या किंग्सपोर्टच्या सिमेंट कारखान्यात अपघात होऊन त्यांचा पाय गेला. उजव्या हाताची दोन बोटंही त्यांनी गमावलेली होती. उरलेल्या बोटांवर त्यांनी स्वतःची वादनपद्धत उभी केली. त्याच १९२७ च्या उन्हाळ्यात व्हर्जिनिया आणि टेनेसीच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात ध्वनिमुद्रण करणारे राल्फ पीअर यांनी कार्टर या गोऱ्या गायक कुटुंबाचं पहिलं मुद्रण केलं. गाण्यामागे ५० डॉलर रोख, आणि गाण्याच्या प्रकाशनाचे हक्क पीअर यांच्याकडे. या व्यवस्थेत पैसा टिकायचा तो ‘नोंदवता येण्याजोग्या’ गाण्यांत, त्यामुळे ए. पी. कार्टर यांना सतत नवी गाणी लागत. ते डोंगरातल्या घराघरांत हिंडले आणि वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर हिंडले ते रिडल. कार्टर शब्द लिहून घेत आणि रिडल चाल डोक्यात साठवत. घरी आल्यावर ती वाजवून दाखवत. कुटुंबातल्या गिटारवादक मेबल कार्टर यांनी रिडल यांच्या हाताकडे पाहून वादनातल्या लकबी उचलल्या, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. नोंदणीच्या कागदावर एकच नाव चढलं, शब्द लिहून घेणाऱ्याचं.

इथे कार्टर यांना खलनायक करण्यात अर्थ नाही. त्या काळात कृष्णवर्णीय सोबत्याला घेऊन गावोगाव फिरणं हेही काही कमी नव्हतं. दोष कागदाचा होता. स्वामित्वहक्काच्या कायद्याला लिहिलेलं कळतं, लक्षात ठेवलेलं कळत नाही. ज्याच्या घरी चाल सापडली त्याला रकाना नाही, ज्याने ती डोक्यात धरून आणली त्याला नाही, आणि ज्याने ती गिटारवर बसवली त्यालाही नाही. रिडल १९४० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेले आणि वादन मागे पडलं. १९६५ मध्ये मेबल कार्टर यांनी दिलेल्या माहितीवरून लोकसंगीताचे संग्राहक माइक सीगर त्यांच्यापर्यंत पोचले आणि पुढे बरीच वर्षं त्यांचं मुद्रण करत राहिले. तो अल्बम १९९३ मध्ये निघाला. रिडल तेव्हा हयात नव्हते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. या चाली कोणा एकाच्या नाहीत, पिढ्यान् पिढ्या वाहत आल्या, मग मालकी सांगणारा वादक तरी कोण? मान्य. ‘जॉन हेन्री’ हे जुनं लोकगीत कोणाच्याही बापाचं नाही. पण नेमक्या याच युक्तिवादावर पैसा नेहमी वाजवणाऱ्याकडून नोंदवणाऱ्याकडे गेला. ‘पारंपरिक’ असं छापून पुढे ‘संयोजन अमुक’ असं जोडलं की संयोजनाचा हक्क मिळतो, आणि तो बहुधा स्टुडिओत बसलेल्याला मिळाला. चाल सर्वांची असेल तर ती सर्वांचीच राहू द्या. पण विशिष्ट हाताने विशिष्ट दिवशी वाजवलेलं मुद्रण सर्वांचं नसतं, आणि त्यातलं संयोजन त्या हाताचं असतं.

म्हणून पहिली मागणी अगदी साधी आहे, आणि पैशाआधी ती कागदाची आहे. मायक्रोफोन लावण्याआधी एक पान भरायचं. वादकाचं नाव, सरकारी ओळखपत्रावर जसं आहे तसं, आणि गाव ज्या नावाने ओळखतं तेही. तारीख, ठिकाण. चाल कोणाकडून शिकली. संयोजन कोणाचं. मुद्रणाची मालकी कोणाची, आणि ती दिलेली असेल तर किती वर्षांसाठी. एकदाच रक्कम की विक्रीमागे वाटा. वारस कोण. एवढ्यावर दोघांच्या सह्या आणि एक प्रत वादकाच्या घरात. हे पान भरायला पंधरा मिनिटं लागतात आणि न भरल्याची किंमत नातवंडं मोजतात.

हे पान फाइलीत पडून राहू नये, कारण अमेरिकेत आता पैसा नोंदणीमागून चालतो. इंटरनेट रेडिओवर वाजलेल्या मुद्रणाचा निम्मा पैसा मुद्रणाच्या मालकाला जातो, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि उरलेले ५ टक्के साथीदारांना. कलाकाराचा हा वाटा मालकाच्या हातातून न जाता थेट मिळतो, म्हणजे १९५६ साली हक्क गमावलेल्यालाही तो मिळू शकतो. पण त्यासाठी कलाकाराने किंवा वारसाने नाव नोंदवलेलं हवं. न नोंदवलेला पैसा अनंत काळ थांबत नाही. तीन वर्षांनंतर दावेदार नसलेली रक्कम वाटून टाकण्याची मुभा कायद्यात आहे. चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. नावाची दोन स्पेलिंगं, एकाच वादनाच्या तीन वेगळ्या संग्रहांत तीन वेगळ्या नोंदी, आणि वारसांत आपसांत कागद नाही. जमिनीवरच्या साध्या रेडिओची तर तऱ्हाच वेगळी. तिथे गीतकाराला पैसे मिळतात, वाजवणाऱ्याला अमेरिकी कायद्याने काहीच नाही. पारंपरिक चाल वाजवणाऱ्या वादकाला म्हणजे दोन्हीकडून शून्य.

दुसरी गोष्ट म्हातारपणाची. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन मिळायला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षांची कागदोपत्री कमाई. शनिवारी रात्री नाचाच्या ठिकाणी हातावर ठेवलेल्या नोटा या हिशेबात कुठेच येत नाहीत. व्हर्जिनियाचे ब्लूज वादक जॉन जॅक्सन जगभर वाजवून आले तरी उदरनिर्वाहासाठी कबरी खणण्याचं काम करत राहिले. यात अनेकांना मोठा काव्यात्म विरोधाभास दिसतो. पण म्हातारपणी चार पैसे घरात येतात ते पगारपत्रक असलेल्या कामातून. वाजवण्यातून येत नाहीत, म्हणून मोठा वादकही फावडं सोडत नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक महोत्सवाने वादकाचं मानधन नोंदलेल्या कमाईत दाखवावं, कर कसा भरायचा हे समजावणारा माणूस त्याच तंबूत बसवावा. ध्वनियंत्रणेवर होणाऱ्या खर्चापुढे हा खर्च चिल्लर आहे.

मग पुरस्कार. बेकरबाईंना राज्याचा सन्मान १९८९ मध्ये मिळाला, वय ७६. राष्ट्रीय वारसा फेलोशिप १९९१ मध्ये, वय ७८. ही फेलोशिप म्हणजे पारंपरिक कलाकाराला मिळणारा देशातला सर्वोच्च मान, आणि अलीकडच्या वर्षांत तिची रक्कम २५,००० डॉलर आहे, एकरकमी. मान हवाच, त्याला विरोध नाही. पण एकरकमी पैशाची एक कात्री असते. गरीब वृद्धांना मिळणाऱ्या एसएसआय या मदतीसाठी एकट्या माणसाची मोजता येणारी बचत २,००० डॉलरांच्या आत असावी लागते, आणि ही मर्यादा १९८९ पासून हललेली नाही. महिन्यात आलेला पैसा पुढच्या महिन्याच्या एक तारखेला शिल्लक असला की तो बचत म्हणून मोजला जातो. मोठा धनादेश आला, टाळ्या झाल्या, आणि पुढच्या महिन्यात मदत बंद, असं होऊ शकतं. धनादेशाबरोबर हे सांगणारा जाणकार पाठवला नाही तर पुरस्काराने घराचा तोल जातो.

म्हणूनच दर महिन्याला थोडी आणि नेमकी मदत देणाऱ्यांचं काम जास्त मोलाचं वाटतं. टिम आणि डेनिस डफी यांनी १९९४ मध्ये उत्तर कॅरोलायनात उभी केलेली म्युझिक मेकर ही संस्था दक्षिणेतल्या वृद्ध वादकांना औषधं, घरखर्च, वाद्यं आणि दौऱ्यांसाठी हात देते. बेकरबाईंचे उत्तरायुष्यातले अल्बमही याच वाटेने आले. औषधाचं बिल दुकानात परस्पर भरलं तर ते वादकाचं उत्पन्न धरलं जात नाही. भाडं परस्पर भरलं तर एसएसआयच्या हिशेबात ते येऊ शकतं. असले बारकावे ज्याला माहीत तोच खरा आश्रयदाता. खासगी संस्थेने हे करावं आणि सरकारने टाळ्या वाजवाव्यात, ही वाटणी मात्र पटणारी नाही. दात्यांचा उत्साह ओसरला की औषधं थांबतात.

मदतीच्या नावाखाली होणारा एक प्रकार सांगायलाच हवा. हौशी दाते वृद्ध वादकाला नवी, मोठ्या घेराची, झकपक गिटार भेट देतात. फोटो छान येतो. त्या हातांना लागते ती जुनी लहान गिटार. कॅटलॉगातल्या स्वस्त गिटारींच्या पाटीखाली शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या पट्ट्या असत. त्यामुळे स्वर चटकन विरतो आणि अंगठ्याचा खर्ज चालीत मिसळून चिखल होत नाही. नव्या गिटारीत पट्ट्या फुलीसारख्या असतात, आवाज घुमतो, आणि वादकाला तळव्याने तो सारखा दाबत बसावं लागतं. जुन्या गिटारीचं दुखणं वेगळं. तारांच्या ताणाने दांडी पुढे वाकते, घोडीपाशी पाटी फुगते, आणि बाराव्या पडद्यावर तार चार मिलिमीटरपर्यंत वर जाते. संधिवाताच्या बोटांना ती दाबवत नाही, आणि वादक वाजवायचं सोडतो तेव्हा लोक म्हणतात वय झालं. दोन ते अडीच मिलिमीटर उंची, हलक्या तारांचा संच आणि सुरावट अर्ध्या स्वराने उतरवली की बरेचदा हात पुन्हा चालू लागतो. दांडी उकलून पुन्हा बसवण्याचा खर्च गिटारीच्या मूळ किमतीहून जास्त येतो, म्हणून कोणी करत नाही. भेटीच्या पैशात दुरुस्ती सहज बसली असती. हिवाळ्यात लाकडाची शेगडी पेटलेल्या खोलीत हवा इतकी कोरडी होते की पाटीला चिरा जातात. गिटारीच्या पेटीत ओलावा धरणारी छोटी डबी ठेवली तर त्या टळतात.

पैशाने ही कला बिघडेल, ओसरीवरचा निरागसपणा जाईल, ही भीती व्यक्त करणारे बहुधा स्वतः पगारी असतात. रोख पैशाची ओढ या संगीतात पहिल्यापासून होती. खाणवस्तीत पगाराचा दिवस बघूनच वादक येत. कार्टर कुटुंबही ५० डॉलरांसाठीच ब्रिस्टलला गेलं होतं. शिकवण्याचं वेतन मात्र कमी लोकांना सुचतं. व्हर्जिनियात २००२ पासून लोककलेची गुरु-शिष्य योजना आहे. नऊ महिने एक जाणता आणि एक शिकणारा, आणि जाणत्याला त्याच्या वेळेचे पैसे. ब्लूज वादनाला हाच साचा सगळ्यात जवळचा आहे, कारण अंगठ्याचा जोर कागदावरून शिकता येत नाही. आठवड्याला दोन तास धरले तरी नऊ महिन्यांत सत्तरच्या वर तास होतात. एक अंगठा बसायला तेवढे पुरतात. अडचण एवढीच की असे जाणते आता मोजके उरले आहेत. त्यांतल्या प्रत्येकासाठी अर्ज भरून देणारा माणूस गावात जायला हवा. सत्तरीच्या वादकाने संकेतस्थळावर पासवर्ड तयार करून अर्ज भरावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

एटा बेकर २००६ मध्ये वारल्या, ९३ व्या वर्षी. २०१८ च्या कायद्याने जुन्या ध्वनिमुद्रणांना नवी मुदत दिली. १९४७ ते १९५६ या काळात प्रकाशित झालेल्या मुद्रणाला ११० वर्षं. म्हणजे त्या पाच चालींचं मूळ मुद्रण २०६६ च्या डिसेंबरअखेरपर्यंत संरक्षित आहे. तोवर ते कुठे ना कुठे वाजणार, आणि इंटरनेट रेडिओवर वाजेल तेव्हा ४५ टक्क्यांचा वाटा मुख्य कलाकाराच्या रकान्यात पडेल. त्याच जमान्यातल्या, इतकं नाव न झालेल्या कितीतरी वादकांच्या रकान्यापुढे मात्र आज वारसाचं नावच नाही.